बेड्यांसकट पुरलेली माणसं

सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्याने पालेर्मोहून मेस्सिनाकडे रेल्वे जाते. त्या मार्गावर दुसरा रूळ टाकायचं ठरलं. इटलीत कुठेही जमीन उकरायची म्हटली की पुरातत्त्व खात्याची माणसं आधी हजर होतात, तशी इथेही झाली. रुळांच्या वाटेत हिमेरा नावाच्या जुन्या ग्रीक वसाहतीची दफनभूमी निघाली, हजारो थडग्यांची. २००८ नंतर स्टेफानो वासालो यांच्या देखरेखीखाली तिचं उत्खनन झालं, तेव्हा काही खड्डे इतरांपेक्षा वेगळे दिसले. त्यांत माणसं एकाशेजारी एक, ओळीने झोपवलेली होती. सगळे पुरुष आणि बहुतेक तरणेताठे. काहींच्या हाडांत भाल्यांची पाती रुतलेली होती. जवळपास घोडेही पुरलेले सापडले.

ग्रीक इतिहास वाचणाऱ्याला हिमेरा म्हटलं की दोन साल आठवतात. इ.स.पू. ४८० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅमिल्कार मोठं सैन्य घेऊन या गावावर चालून आला. सिराक्यूजचा गेलॉन आणि अक्रागासचा थेरॉन मदतीला आले आणि ग्रीकांनी त्याला पार धूळ चारली. हिमेराची लढाई आणि तिकडे ग्रीसमध्ये इराण्यांविरुद्धची सालामिसची आरमारी लढाई एकाच दिवशी झाली, असं सिसिलीतले लोक सांगतात, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय. नंतर ४०९ मध्ये हॅमिल्कारचा नातू हॅनिबल परत आला. (आल्प्स ओलांडणारा हॅनिबल वेगळा, तो बराच पुढचा.) या खेपेला हिमेराच्या मदतीला पुरेसं कुणी टिकलं नाही. गाव जमीनदोस्त झालं आणि त्या जागी पुन्हा उभं राहिलं नाही.

हिरोडोटसने दिलेली हॅमिल्कारच्या फौजेची यादी मी कितीदा तरी वाचली आहे. फिनिशियन, लिबियन, इबेरियन, लिगुरियन, सार्डिनियन, कॉर्सिकन असे देशोदेशीचे लोक त्यात आहेत. ग्रीकांच्या बाजूला मात्र फक्त राजे आणि नगरं. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप चित्र उभं राहतं की तिकडे पैसे देऊन गोळा केलेली गर्दी आणि इकडे आपल्या मातीसाठी लढणारे ग्रीक. डायोडोरस हा इतिहासकार मूळचा सिसिलीचाच. गेलॉनने हजारो भाडोत्री परदेशी सैनिकांना सिराक्यूजचं नागरिकत्व दिलं होतं, हे तो सांगतो, पण पुढच्या एका भांडणाच्या ओघात, जाता जाता.

त्या खड्ड्यांतल्या माणसांचे दात प्रयोगशाळेत गेले. दाताचं एनॅमल लहानपणी एकदा घडतं आणि मग आयुष्यभर बदलत नाही. ज्या भागात मूल वाढलं तिथल्या खडकांतलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य मातीत उतरतं, मातीतून पाण्यात आणि धान्यात जातं, तिथून मुलाच्या दातात. स्ट्रॉन्शियमच्या दोन प्रकारांचं प्रमाण खडकाच्या वयानुसार आणि जातीनुसार बदलतं. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव लिहिलेलं असतं तशी त्या प्रमाणाची नोंद दातावर राहते, फरक एवढाच की गावाचं नाव नसतं, जमिनीचा स्वभाव असतो. ऑक्सिजनचंही तसंच, ते पिण्याच्या पाण्याबद्दल सांगतं. कॅथरीन राइनबर्गर, लॉरी राइट्समा, ब्रिटनी काइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमेराच्या ६२ सैनिकांवर हे काम केलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. ४०९ च्या लढाईत पडलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश बाहेरचे होते. म्हणजे हिमेरा बव्हंशी एकटं लढलं हे जुन्या इतिहासकारांचं म्हणणं हाडांनीही मान्य केलं. ४८० च्या विजयात पडलेल्यांपैकी मात्र सुमारे दोन तृतीयांश बाहेरचे निघाले.

बाहेरचे म्हणजे कुठले? सिराक्यूजचे ग्रीकही हिमेराला बाहेरचेच. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी आलं. २०२२ मध्ये याच गटाने, अलिसा मिटनिक आणि डेव्हिड राइश यांच्यासारख्या जनुकशास्त्रज्ञांबरोबर, हिमेरा आणि आसपासच्या सिसिलियन वस्त्यांमधल्या ५४ जणांचा डीएनए प्रसिद्ध केला. ४८० च्या सैनिकांमध्ये काहींची वंशावळ एजियन समुद्राकडची होती, म्हणजे ज्यांना आपण सरळ ग्रीक म्हणू असे. पण काहींची उत्तर युरोपातली, काहींची काळ्या समुद्राच्या उत्तरेला पसरलेल्या गवताळ प्रदेशातली, काहींची कॉकेशसकडची. ज्या विजयाने सिसिलीतलं ग्रीकपण वाचलं असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं, त्या विजयासाठी कॉकेशसकडच्या रक्ताची माणसं सिसिलीच्या वाळूत मरून पडली होती.

त्या शोधनिबंधातली एक बाब माझ्या मनातून जात नाही. परक्या वंशावळीचे सैनिक मोठ्या खड्ड्यांमध्ये होते. ग्रीक वंशाचे सैनिक लहान, जास्त नीटनेटक्या दफनांमध्ये. दोन्हींकडे माणसं ओळीने ठेवलेली आहेत, कुणाला फेकलेलं नाही. कुणीतरी त्या परक्यांनाही आपल्याच दफनभूमीत जागा दिली. पण कोण आपलं आणि कोण पैसे देऊन आणलेलं, हा हिशेब लढाई संपल्या दिवशीही कुणीतरी डोक्यात ठेवला होता. माती ढकलणाऱ्या माणसाला ते ठाऊक होतं. हिरोडोटसपर्यंत बातमी पोचेपर्यंत ते गळून गेलं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या ग्रीक पुरातत्त्वाच्या बातम्या बघितल्या तर त्यांत चमकणाऱ्या वस्तू भरपूर आहेत. २०१५ मध्ये पायलॉसजवळच्या ऑलिव्हच्या बागेत सापडलेला योद्धा, त्याच्या सोन्याच्या अंगठ्या आणि जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांबीच्या दगडावर कोरलेली लढाई, हे सगळं अप्रतिम आहे आणि त्यावर लिहावं तितकं थोडं. पण मी बातम्या उघडते ती दुसऱ्याच माणसांसाठी. ज्यांच्या थडग्यावर दगड नव्हता, ज्यांच्याबद्दल कुणा इतिहासकाराला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, अशांसाठी. पूर्वी या विद्येकडे त्यांना विचारायचं साधनच नव्हतं. आता आहे, आणि त्यामुळे माझ्या मते ग्रीक जगाच्या अभ्यासात गेल्या शंभर वर्षांत झाला नसेल इतका मोठा बदल या काही वर्षांत झाला आहे.

अथेन्सच्या दक्षिणेला समुद्राकाठी फालिरोन आहे. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याने पिरायसचं बंदर बांधून घेण्याआधी अथेन्सची गलबतं इथल्या उथळ, वाळूच्या किनाऱ्यावर ओढून ठेवत. आपल्या काळात इथे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. ते हलवल्यावर त्या जागी स्टाव्रोस निआर्कोस फाउंडेशनचं सांस्कृतिक केंद्र आलं: रेंझो पियानो या वास्तुशिल्पीने रचलेलं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ऑपेरागृह, त्यावर उतरती बाग, पुढ्यात ४०० मीटर लांबीचा कालवा. मी गेले तेव्हा संध्याकाळ होती. लव्हेंडर आणि रोजमेरीच्या ताटव्यांमधून पोरं सायकली हाणत होती, आजीआजोबा कालव्याच्या कडेने फिरत होते. फार सुंदर आणि सर्वांना खुली अशी जागा आहे ती, आणि अथेन्सच्या लोकांनी ती आपलीशी केली आहे.

हे केंद्र बांधण्याआधी आणि बांधताना, २०१२ ते २०१६ या काळात, स्टेला ख्रिसुलाकी यांच्या चमूने इथे दीड हजारांवर दफनं उकरली. इ.स.पू. आठव्या शतकापासून पुढच्या काही शतकांमधली. त्यांतली जुनी दफनं अथेन्स अजून आपण ओळखतो ते अथेन्स व्हायचं होतं, तेव्हाची. पार्थेनॉन नव्हतं, लोकशाही नव्हती, सोलॉनचे कायदेही नव्हते. आणि ही सरदारांची दफनभूमी नाही. साध्या खड्ड्यात, वाळूत, फारसं काही सोबत न देता पुरलेली माणसं इथे आहेत. काहींचं दहन केलेलं आहे. काही घोडे आहेत. एका माणसाला लाकडी होडीत झोपवून पुरलं होतं. मला वाटतं तो कोळी असावा, किंवा निदान त्याला पुरणारे कोळी असावेत, कारण घरची होडी कायमची जमिनीत घालणं ही सोपी गोष्ट नाही.

आणि मुलं. तान्ही आणि लहान मुलं मोठाल्या रांजणांत ठेवून पुरलेली, अशी दफनं फालिरोनला खूप आहेत. रांजण तेलाचे, दारूचे, घरातले वापरातलेच. बाजूने फोडून मूल आत ठेवायचं आणि फुटका तुकडा परत बसवायचा. हे वाचताना मराठी माणसाला इनामगाव आठवल्याशिवाय राहत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी जे ताम्रपाषाणयुगीन गाव उकरलं, तिथे मुलं दोन कुंभांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेली होती. या दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तो जोडायचाही नाही. पण पुण्याच्या संग्रहालयात ते कुंभ पाहिलेले असले की फालिरोनच्या रांजणाचं छायाचित्र बघताना आपण थांबतो. मूल ज्याच्यात ठेवलं ते भांडं काल-परवापर्यंत त्या आईच्या हातातलं होतं, हे लक्षात येतं.

अथेन्सच्याच केरामाइकोस भागात, मेट्रोच्या कामात, १९९४-९५ मध्ये एक सामूहिक खड्डा मिळाला होता. त्यात सुमारे दीडशे माणसं. इ.स.पू. ४३० च्या सुमाराला अथेन्समध्ये जी साथ आली आणि जिच्यात अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस गेला, तिचे ते बळी असावेत असं उत्खनन करणाऱ्या एफी बाझिओतोपुलू-वालावानी यांनी मांडलं. खालच्या थरांत मृतदेह थोडे नीट ठेवलेले आहेत, वर वर घाईने टाकलेले. साथीत लोक दुसऱ्याच्या रचलेल्या चितेवर आपलं प्रेत टाकून निघून जात, असं त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस याने लिहिलंय. तो स्वतः त्या आजारातून उठला होता, त्यामुळे त्याचं वर्णन पाहिलेल्या माणसाचं आहे. पण एक गोष्ट त्याने लिहिलेली नाही. त्याच खड्ड्यात आठ तान्ही मुलं मडक्यांत ठेवून पुरलेली आहेत. मोठ्यांसाठी कुणापाशी वेळ उरला नव्हता, तेव्हाही तान्ह्यांसाठी कुणीतरी मडकं शोधून आणत होतं. रीत मोडली, असं थ्युसिडिडीस म्हणतो. बहुतेक मोडली, पण इथे मोडली नाही.

फालिरोनकडे परत येते, कारण तिथलं सगळ्यात अवघड दृश्य अजून सांगायचं आहे. २०१६ च्या वसंतात तिथे जवळजवळ ८० माणसांचं दफन सापडलं. लांब ओळींत, एकाला लागून एक. त्यांतल्या ३६ जणांच्या मनगटांत लोखंडी बेड्या. कित्येकांचे बांधलेले हात डोक्यावर ताणलेले आहेत. काही उताणे, काही तोंड मातीत घातलेले. दात आणि हाडं बघता बहुतेक तरुण आणि तब्येतीने चांगले. मधे सापडलेल्या दोन लहान सुरयांवरून काळ ठरला: इ.स.पू. सातवं शतक.

त्या छायाचित्रांकडे मी पुन्हा पुन्हा गेले आहे. गंज चढून फुगलेल्या कड्या अजून मनगटाच्या हाडांभोवती आहेत. सातव्या शतकात लोखंड काही रस्त्यावर पडलेलं नसायचं. लोहाराकडून घडवून घेतलेल्या छत्तीस माणसांच्या बेड्या, पुन्हा वापरता आल्या असत्या. कुणीतरी ठरवलं की नाही, त्या त्यांच्याबरोबरच जाऊ देत. ही घाईत झालेली कत्तल नाही. ओळ नीट आहे, मनगटं आधी बांधली आहेत, खड्डा तयार ठेवलेला आहे. हे करायला हुकूम देणारं कुणीतरी लागतं, तो पाळणारे पुष्कळ लागतात, आणि आपण करतो ते योग्य आहे असं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटावं लागतं. ग्रीसमध्ये लोक त्यांना फालिरोनचे बंदिवान म्हणतात.

शोध जाहीर झाल्याबरोबर एक नाव पुढे आलं: कायलॉन. हा ऑलिंपिक विजेता. शेजारच्या मेगारा नगराच्या हुकूमशहाचा जावई. इ.स.पू. ६३२ च्या सुमाराला त्याने आपल्या माणसांनिशी अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सचा गड, बळकावून अथेन्सचा सत्ताधीश व्हायचा प्रयत्न केला. वेढा पडला, खायला-प्यायला उरलं नाही, तो स्वतः निसटला, आणि त्याचे साथीदार अथीना देवीच्या आश्रयाला बसले. जिवाला धक्का लावणार नाही असं वचन देऊन त्यांना बाहेर काढलं आणि मारलं. प्लुटार्कने सांगितलेल्या कथेत त्यांनी देवीच्या मूर्तीला दोरा बांधून त्याचं टोक हातात धरलं होतं आणि वाटेत तो तुटला. देवीनेच हात काढून घेतला, असं म्हणून तेव्हाचा अथेन्सचा अधिकारी मेगाक्लीस याच्या लोकांनी त्यांना गाठलं. हे पाप मेगाक्लीसच्या घराण्याला पिढ्यानपिढ्या चिकटून राहिलं. पेरिक्लीस त्याच घराण्यातल्या आईचा मुलगा, म्हणून दोनशे वर्षांनी स्पार्टाने हेच पाप काढून त्याच्याविरुद्ध वापरलं.

गोष्ट जबरदस्त आहे. शतक जुळतं, तरुण माणसं जुळतात, राजकीय सूड जुळतो. ख्रिसुलाकी यांनी शक्यता म्हणून ती मांडली तेही रास्तच. पण बातम्यांमध्ये शक्यता हा शब्द बघता बघता झिजला आणि कायलॉनचे साथीदार सापडले असंच लोक म्हणू लागले. मला ते पटत नाही. जुन्या लेखकांच्या सांगण्यात ती माणसं अक्रोपोलिसच्या उतारावर, वेद्यांपाशी, दगडांनी आणि शस्त्रांनी मारली गेली. बेड्या घालून समुद्राकाठी ओळीने नेल्याचं कुणीही म्हटलेलं नाही. शिवाय याच फालिरोनला १९१५ मध्ये अशीच १७ माणसं मिळाली होती, गळ्यात आणि हातापायांत लोखंडी कड्या घातलेली. म्हणजे हा एकदाच घडलेला प्रसंग नसावा. या किनाऱ्यावर माणसांना बांधून मारण्याची एक जागा असावी, आणि ती बराच काळ वापरात असावी. गुन्हेगार, कर्जात बुडून गुलाम झालेले, पकडलेले चाचे, हरलेल्या पक्षाचे लोक, यांतले कुणीही ते असू शकतात. सातव्या शतकातल्या अथेन्समध्ये कर्जापायी माणूस विकला जात होता, सोलॉनने ते पुढे बंद केलं. मग प्रत्येक बेडीला आपण उमरावाच्या बंडाचंच नाव का द्यायचं?

कायलॉन लिखित इतिहासातला आहे म्हणून त्याच्याकडे धाव घ्यायची आणि हे ऐंशी जण पुन्हा त्याच्या गोष्टीतली गर्दी होऊन बसणार, याचं मला वाईट वाटतं. केरामाइकोसच्या खड्ड्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीच्या कवटीवरून अथेन्स विद्यापीठाचे दंतशास्त्रज्ञ मानोलिस पापाग्रिगोराकिस यांनी तिचा चेहरा घडवून घेतला आणि तिला मिर्तिस नाव दिलं. त्याला माझी काही हरकत नाही. ते नाव आजच्या माणसांनी मायेने ठेवलेलं आहे आणि कुणी ते लपवत नाही. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजात २०१६ मध्ये एका माणसाची हाडं सापडली, त्यालाही पाणबुड्यांनी पॅम्फिलोस म्हणायला सुरुवात केली, त्या जहाजातल्या एका प्याल्यावर कोरलेल्या नावावरून. त्यांना कुणी कुणाच्या पक्षात भरती केलेलं नाही. फालिरोनच्या बंदिवानांना मात्र आपण मेल्यावर एक बाजू देतो आहोत.

त्याच सालामिसच्या लढाईकडे जरा वळू. ज्या आरमाराने इराण्यांना हरवलं ते अथेन्सच्या ताब्यातल्या लॉरियनच्या खाणींतल्या चांदीतून उभं राहिलं. नवीन शिरा लागली तेव्हा माणशी दहा द्राक्मा वाटून घ्याव्यात असा लोकांचा विचार होता, आणि थेमिस्टोक्लीसने तो पैसा २०० जहाजांकडे वळवला. हे शाळेतल्या पुस्तकातही येतं. ती चांदी जमिनीतून वर कशी आली, हे येत नाही. लॉरियनच्या त्याच डोंगराळ पट्ट्यात, समुद्रालगत थोरिकोस आहे. तिथल्या टेकडीच्या पोटातले बोगदे फ्रान्सच्या लॉरेन विद्यापीठाचे डेनी मोराँ आणि त्यांचे सहकारी सरपटत धुंडाळत होते. २०१६ मध्ये त्यांनी जे सांगितलं त्यात सोनंचांदी काही नव्हती. छिन्नीच्या खुणा, दिव्यांचे तुकडे, दगडी हातोडे, आणि कित्येक ठिकाणी जेमतेम ३० सेंटीमीटर उंचीचे बोगदे. सर्वांत जुनं काम तर अभिजात काळाच्या कितीतरी आधीचं, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं असावं.

तीस सेंटीमीटर म्हणजे शाळेची मोठी पट्टी. जमिनीपासून तेवढ्या उंचीवर हात धरून बघा. त्यात माणूस उताणा किंवा पोटावर पडूनच शिरतो. एका हाताने छिन्नी, दुसऱ्याने हातोडा, तोंडाशी तेलाचा दिवा, आणि मागे सरकायलाही जागा नाही. झेनोफन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की अथेन्सचा सेनापती निसियस याचे एक हजार गुलाम या खाणींत होते. त्याने ते सोसियस नावाच्या थ्रेशियन माणसाला भाड्याने दिले होते, दर माणशी रोज एक ओबोल, म्हणजे एक लहानसं नाणं. मेला किंवा पळाला तर भरपाई म्हणून संख्या हजारच ठेवायची, हाही करार. मालकाचं नाव राहिलं, भाडेकऱ्याचं राहिलं, दर राहिला. हजारांपैकी एकाचंही नाव नाही. त्यांच्या हातचं काही उरलं असेल तर त्या छिन्नीच्या खुणा, आणि म्हणून त्या मोजण्यासाठी पोटावर सरपटत जाणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

अशा लोकांपैकी एकाचा आवाज मात्र आपल्यापर्यंत आला आहे. अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या उत्खननात शिशाचा एक पातळ पत्रा मिळाला होता, त्यावर टोकदार सळीने कोरलेलं पत्र. डेव्हिड जॉर्डन यांनी २००० साली ते वाचून छापलं. लिहिणारा मुलगा लेसिस, काळ इ.स.पू. चौथं शतक. पत्र झेनोक्लीसला आणि स्वतःच्या आईला आहे. तो सांगतो की भट्टीत लेसिस मरायला टेकलाय याकडे काणाडोळा करू नका, मालकांकडे या आणि त्याच्यासाठी काहीतरी बरं बघा. सुरुवातीला तो स्वतःचा उल्लेख तिसऱ्या माणसासारखा करतो, पत्र लिहायची रीत म्हणून. पुढे ती रीत त्याच्याकडून सुटते. मला एका दुष्ट माणसाच्या हाती दिलंय, तो मला चाबकाने फोडून काढतो, मला बांधून ठेवलंय, मातीमोल करून टाकलंय, आणि हे वाढतच चाललंय.

लेसिस गुलाम होता की शिकाऊ उमेदवार म्हणून कामाला ठेवलेला स्वतंत्र मुलगा, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. त्याने पत्र स्वतः लिहिलं की पैसे देऊन लिहवून घेतलं, यावरही. मला स्वतःला तो गुलाम वाटतो, मालकांचा उल्लेख त्याने ज्या तऱ्हेने केला आहे त्यावरून. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट ही की तक्रार कुठे करायची हे त्याला ठाऊक होतं. आई होती, आई ज्याच्यामार्फत बोलू शकेल असा झेनोक्लीस होता, आणि मालकांना समजावता येईल असा भरवसा होता. बांधलेल्या माणसांना आपण फार लवकर मुकं समजतो.

फालिरोनच्या हाडांवरचं काम आता अथेन्समधल्या अमेरिकन स्कूलच्या वीनर प्रयोगशाळेच्या सहकार्याने चाललं आहे. प्रकल्पाची धुरा जेन बुइक्स्ट्रा यांच्याकडे, ज्यांनी हाडांवरून समाज वाचण्याच्या या विद्येला आयुष्य दिलं. दीड हजार माणसांची साफसफाई, मोजणी, नोंद. कुठे हाड मोडून जुळलंय, कुठे लहानपणी उपासमार होऊन दातावर रेघ पडलीय, कुठे ओझं वाहून मणका झिजलाय. लॉरियनच्या खाणीपेक्षा सावकाश चालणारं काम आहे हे. बंदिवानांच्या बाबतीत माझा प्रश्न साधा आहे: त्यांचं लहानपण याच मातीत गेलं का? ते सगळे अॅटिकाचेच, म्हणजे अथेन्सभोवतीच्या प्रदेशातलेच निघाले तर शेजारच्यांनी शेजाऱ्यांना बांधलं, असा अर्थ होईल, आणि कायलॉनची गोष्टही थोडी बळकट होईल. दूरदूरचे निघाले तर चाचे किंवा पकडून आणलेले लोक ही शक्यता वाढेल. निम्मे-निम्मे निघाले तर आत्तापर्यंत लिहिलेलं बरंच काही पुन्हा लिहावं लागेल. एजियन भागात स्ट्रॉन्शियमचे आकडे बऱ्याच ठिकाणी एकमेकांवर पडतात, एका बेटाचा दात दुसऱ्या बेटाचा वाटू शकतो. म्हणून एका मोजणीवर निकाल लागणार नाही, डीएनए आणि हाडांवरच्या श्रमाच्या खुणा जोडीला घ्याव्या लागतील. हिमेराला तसंच झालं. रेल्वेच्या रुळाखाली खड्डे सापडल्यापासून कॉकेशसचं नाव निघेपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात कुणीही घाई करून त्या सैनिकांना एखाद्या राजाची फौज म्हणून खपवलं नाही. फालिरोनच्या ऐंशी जणांनाही तेवढाच वेळ मिळायला हवा.